उन्हाची वर्गणी

महाराष्ट्रात वैशाख महिन्यात ऊन मुबलक असते हे सिद्ध करण्यासाठी कोणत्याही उपकरणाची आवश्यकता नाही. तरीही शास्त्रज्ञांनी ते मोजले असून, निरभ्र दुपारी सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,००० वॉट इतकी ऊर्जा येऊन पडते, असे त्यांचे सांगणे आहे. या ऊर्जेचे मराठी समाजाने परंपरेने दोन उपयोग केले आहेत: तिच्यात पापड-कुरडया वाळवणे आणि तिला नावे ठेवणे. तिच्यावर स्वयंपाक करावा हा तिसरा उपयोगही पुष्कळांना सुचतो, परंतु तो सुचणाऱ्यांपैकी बहुतेकांना पातेल्याचे क्षेत्रफळ काढण्याची सवय नसते. वीस सेंटिमीटर व्यासाचे पातेले उन्हात ठेवले तर त्याच्या वाट्याला जेमतेम ३१ वॉट येतात. तेवढ्यावर एक लिटर पाणी उकळीला आणण्यास कागदोपत्री पावणेतीन तास पुरतात; प्रत्यक्षात ते कधीच उकळत नाही, कारण पातेले जसजसे तापते तसतशी त्याची उष्णता वाऱ्यावर जाऊ लागते, आणि ज्या तापमानाला आवक आणि जावक यांची तोंडमिळवणी होते तेथे पाणी स्थिरावून पुढील प्रगतीस नकार देते. ऊन कमी पडते असे नव्हे. ते विरळ पडते, आणि विरळ उन्हावर भात शिजत नाही.

वक्र आरशाचे काम येथे सुरू होते, आणि त्या कामाविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज आरंभीच दूर केलेला बरा. आरसा उष्णता निर्माण करीत नाही. त्याची भूमिका गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याची असते: तो घरोघरची थोडी थोडी रक्कम एका पेटीत आणून टाकतो, स्वतःच्या खिशातले तीत काही घालत नाही, आणि वाटेत चहापाण्यावर थोडे खर्चही करतो. मागील बाजूस चांदीचा मुलामा दिलेला उत्तम काचेचा आरसा नवा असताना सुमारे ९४ टक्के प्रकाश परत करतो, चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा त्याहून कमी, आणि पंधरा दिवस न पुसलेला कोणताही आरसा किती परत करतो हे त्या गावाच्या धुळीवर अवलंबून असते. आरशाच्या तोंडाचे क्षेत्रफळ भागिले ज्यावर प्रकाश पाडायचा त्या ग्राहकाचे क्षेत्रफळ, या संख्येला केंद्रीकरण गुणोत्तर म्हणतात. किती घरांची वर्गणी किती लहान पेटीत कोंबली, याचेच ते माप होय. पुण्यातील गच्च्यांवर आंघोळीचे पाणी तापवणारे जे सपाट संच दिसतात त्यांत हे गुणोत्तर १ असते, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरी उत्सव करावा असा तो प्रकार असतो. वीजनिर्मितीसाठी वापरल्या जाणाऱ्या, पन्हळीच्या आकाराच्या लांबलचक आरशांत ते ८० च्या आसपास जाते, आणि खोलगट थाळीच्या आकाराच्या आरशांत ते शेकड्यांच्या, क्वचित हजारांच्या घरात पोहोचते.

किरण गोळा करायचे म्हणजे प्रत्येकाला योग्य कोनात वळवायचे, आणि प्रकाश वळतो तो एकाच नियमाने: आरशाच्या पृष्ठभागावरील लंबाशी येताना जेवढा कोन, तेवढाच जाताना. या नियमाला अपवाद नाही व त्यात कोणाची शिफारस चालत नाही, त्यामुळे सगळा भार आरशाच्या आकारावर येऊन पडतो. मनुष्याला प्रथम सुचतो तो गोलाचा तुकडा, कारण गोल घडवणे आणि घासणे सोपे असते. दुर्दैवाने गोलीय आरशात अक्षाजवळ पडलेले किरण त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर भेटतात, तर कडेला पडलेले किरण त्याआधीच, आरशाच्या अधिक जवळ, अक्ष ओलांडून निघून जातात. शालेय पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत गोलीय आरशावर पडलेले सर्व किरण आज्ञाधारकपणे एकाच बिंदूतून जाताना दिसतात, परंतु ते श्रेय प्रकाशाचे नसून आकृती काढणाऱ्याच्या पट्टीचे आहे. ज्या आकारात हा कडेच्या किरणांचा बंडखोरपणा मुळातच संभवत नाही तो आकार म्हणजे अन्वस्त, अर्थात एक ठरलेला बिंदू आणि एक ठरलेली सरळ रेषा या दोहोंपासून सारख्याच अंतरावर असलेल्या बिंदूंची वक्ररेषा. त्या ठरलेल्या बिंदूला नाभी म्हणतात, आणि अन्वस्ताचा अक्ष सूर्याकडे रोखला की अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण, तो मध्यावर पडो वा काठावर, नाभीतूनच जातो. ही वक्ररेषा अक्षाभोवती फिरवली की थाळी मिळते आणि सरळ ओढत नेली की पन्हळ मिळते. थाळीत नाभी एक बिंदू असते, पन्हळीत ती एक रेषा होते आणि त्या रेषेवरून उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाची नळी नेता येते.

ही गोष्ट ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास डायोक्लीज नावाच्या ग्रीक गणितज्ञाने जाळणाऱ्या आरशांवरील आपल्या ग्रंथात सिद्ध करून ठेवली. ग्रंथाची मूळ ग्रीक प्रत काळाच्या ओघात नाहीशी झाली, अरबी भाषांतर तेवढे टिकले, आणि १९७६ मध्ये ते इंग्रजी अनुवादासह छापून निघाले. दरम्यान इब्न सहल आणि इब्न अल-हैथम यांच्यासारख्या अरबीत लिहिणाऱ्या पंडितांनी हा विषय पुष्कळ पुढे नेला होता. भूमितीच्या बाजूने पाहता, उन्हावर भात शिजवण्याच्या प्रश्नाचा निकाल सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीच लागलेला आहे. त्यानंतर जे काही अडले ते भूमितीमुळे अडले नाही. ते सूर्यामुळे अडले आणि स्वयंपाक करणाऱ्यांमुळे अडले.

सूर्याविरुद्धची पहिली तक्रार अशी की तो बिंदू नाही. पृथ्वीवरून पाहता त्याचे बिंब सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, याचा अर्थ बिंबाच्या दोन कडांवरून निघालेले किरण एकमेकांना समांतर नसतात, आणि कितीही निर्दोष अन्वस्त घडवला तरी त्याच्या नाभीपाशी बिंदू न उमटता सूर्याचे एक छोटे गोल चित्र उमटते. नाभीय अंतराच्या प्रत्येक मीटरमागे या चित्राची रुंदी सुमारे ९.३ मिलिमीटर असते. म्हणून केंद्रीकरणाला निसर्गानेच एक कमाल मर्यादा घालून दिली आहे: हवेत, थाळीसारख्या आरशांनी, ती सुमारे ४६,००० पट येते. त्या मर्यादेपर्यंत कोणी पोहोचलाच, तर ग्राहकाच्या दृष्टीने सर्व दिशांना सूर्यच सूर्य दिसू लागतो आणि त्याचे तापमान सूर्यपृष्ठाइतके, म्हणजे सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, होऊन थांबते. आणखी आरसे लावून ते सहा हजारांवर नेऊ, असे म्हणणाऱ्यांना उष्मागतिकीचे उत्तर सरळ आहे: तसे झाले तर ज्या वाटेने उष्णता आली त्याच वाटेने ती उलट जाऊन पातेले सूर्याला तापवू लागेल. वर्गणीच्या जोरावर मंडळ देणगीदारापेक्षा श्रीमंत होऊ शकत नाही हा नियम निदान आकाशात तरी काटेकोरपणे पाळला जातो.

या मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ जाणाऱ्या यंत्रांत फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातील ओदेयो येथील सौरभट्टी गणली जाते. १९६० च्या दशकात उभारलेल्या या भट्टीचा अंतर्वक्र आरसा एका पूर्ण इमारतीची भिंत व्यापून उरलेला आहे. एवढ्या आकाराची वस्तू सूर्यामागे फिरवणे कोणालाही शक्य नसल्यामुळे ती जागेवरच स्थिर ठेवून, समोरच्या डोंगरउतारावर ६३ सपाट आरसे बसवले आहेत आणि सूर्यामागे फिरण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली आहे. अशा फिरत्या सपाट आरशाला हेलिओस्टॅट म्हणतात. याचा एक चमत्कारिक परिणाम असा झाला आहे की, फ्रान्समधील सूर्याशी सर्वाधिक सलगी असलेली ही वास्तू उत्तरेकडे तोंड आणि सूर्याकडे पाठ करून बसलेली आहे. तिच्या नाभीपाशी तापमान ३,००० अंशांच्या वर जाते, आणि तेथे अन्न शिजवण्याचा विचार कोणी केला नसला तरी अनेक कठीण पदार्थ वितळवून पाहण्यात आलेले आहेत.

आर्किमिडीजची कथा याच संदर्भात तपासून पाहणे योग्य ठरते. ख्रिस्तपूर्व २१२ च्या सुमारास रोमन आरमाराने सिराक्यूजला वेढा घातला असता त्याने आरशांनी शत्रूची जहाजे जाळली, हे विज्ञानाच्या प्रत्येक बालवाङ्मयात सचित्र सांगितलेले असते. वेढ्याच्या काळाला सर्वांत जवळचा इतिहासकार पॉलिबियस हा आर्किमिडीजच्या गोफणयंत्रांचे आणि जहाजे उचलून आपटणाऱ्या आकड्यांचे साग्रसंगीत वर्णन करतो, मात्र आरशांविषयी तो मौन पाळतो. लिव्ही आणि प्लुटार्क हेही पाळतात. जहाजे जळाल्याचा उल्लेख दुसऱ्या शतकात येतो आणि त्या आगीला आरसा मिळण्यास सहावे शतक उजाडते, म्हणजे आग आधी लागली आणि तिचे कारण काही शतकांनी सापडले. तांत्रिक अडचण अशी की वक्र आरशाची नाभी ठरावीक अंतरावर असते, तर शत्रूचे जहाज आपल्या सोयीने पुढे-मागे होत असते. आरशाच्या अचूक नाभीत काही काळ हलू नये अशी विनंती वेढा घालणाऱ्या आरमाराला करता येत नाही. ही अडचण ओळखून फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने १७४७ मध्ये पॅरिसला १६८ लहान सपाट आरसे एका चौकटीत जोडले, प्रत्येकाचा कल वेगवेगळा ठेवला आणि दीडशे फुटांवरील लाकूड पेटवून दाखवले. १९७३ मध्ये योआनिस साकास या ग्रीक अभियंत्याने अथेन्सजवळ सत्तरएक मोठे आरसे खलाशांच्या हाती देऊन जहाजाची लाकडी प्रतिकृती पेटवली; ती झटकन पेटली, पण तिला डांबरी रंग दिलेला होता हेही येथे नोंदवणे न्याय्य ठरेल. दोन्ही प्रयोगांत लक्ष्य स्थिर होते, आणि लक्ष्यावर बसून बाण मारणारे कोणी नव्हते.

सूर्याविरुद्धची दुसरी तक्रार ढगांमार्फत येते. ढगाळ दिवशीही उजेड भरपूर असतो आणि वर्तमानपत्र विनासायास वाचता येते, परंतु तो उजेड आकाशाच्या सर्व भागांतून विखरून येतो, आणि विखुरलेल्या किरणांना नाभीत आणण्याचा उपाय अन्वस्ताजवळ नाही. देणगीदार गावातच असतात पण दिलेल्या पत्त्यावर एकही सापडत नाही, तशी आरशाची अवस्था होते. ऑलिम्पिया येथे ऑलिम्पिक खेळांची ज्योत अंतर्वक्र आरशाने पेटवण्याचा समारंभ १६ एप्रिल २०२४ रोजी योजला असता नेमके आभाळ भरून आले, आणि सरावाच्या दिवशी पेटवून जपून ठेवलेल्या राखीव ज्योतीवर वेळ निभावून न्यावी लागली. ग्रीसमध्ये हा धोका पूर्वीपासून ठाऊक असल्यामुळे राखीव ज्योतीची पद्धत रूढ आहे, आणि सौर उपकरणे विकत घेणाऱ्या प्रत्येकाने या प्रथेचा अभ्यास करणे हितावह आहे.

आरसा कोणासाठी तापवतो याची मात्र त्याला स्वतःला कल्पना नसते, आणि याचा सर्वांत शिकवणारा दाखला सौर ऊर्जेशी काडीचाही संबंध नसलेल्या एका लंडनमधील इमारतीने दिला. फेनचर्च स्ट्रीटवरील ही गगनचुंबी वास्तू तिच्या आकारामुळे वॉकी-टॉकी म्हणून ओळखली जाते. तिची दक्षिणेकडील काचेची भिंत वरपासून खालपर्यंत किंचित आत वळलेली होती, आणि २०१३ च्या उन्हाळ्याअखेरीस, बांधकाम संपण्याच्या बेतात असताना, असे लक्षात आले की शहराला आपल्याही नकळत सदतीस मजल्यांचा एक सौर संग्राहक लाभला आहे. काच आरशाइतका प्रकाश परत करीत नसली तरी क्षेत्रफळ एवढे प्रचंड होते की समोरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या एका जॅग्वार मोटारीचे भाग वितळून वाकले, एका दुकानापुढचे पायपुसणे होरपळले, आणि एका वार्ताहराने पदपथावर तव्यात अंडे तळून दाखवून विज्ञानवृत्तीचा परिचय दिला. मोटारीच्या मालकाला दुरुस्तीखर्चापोटी ९४६ पौंड देण्यात आले. इमारतीच्या विकासकांनी काढलेल्या निवेदनात या प्रकाराचे कारण सूर्याची आकाशातील सध्याची उंची असे नमूद केले होते. त्यावर सूर्याची बाजू ऐकून घेतल्याचे मात्र आढळत नाही. तज्ज्ञांच्या दृष्टीने अधिक रोचक बाब ही की, याच इमारतीचे वास्तुविशारद राफाएल विन्योली यांनी आखलेल्या लास व्हेगासमधील एका आत वळलेल्या हॉटेलाने त्याआधी २०१० मध्ये पोहण्याच्या तलावाकाठी पहुडलेल्या पाहुण्यांना असाच प्रसाद दिला होता, आणि तेथे तर ऊन लंडनपेक्षा बरेच कडक होते. लंडनच्या इमारतीवर पुढे आडव्या पट्ट्या बसवण्यात आल्या, आणि २०१५ मध्ये ब्रिटनमधील सर्वांत कुरूप नव्या इमारतीला दिला जाणारा कार्बंकल कप तिला मिळाला. सौरशक्तीच्या इतिहासात एवढे मोठे केंद्रीकरण एवढ्या कमी विचारात साध्य झाल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. विचारपूर्वक केलेल्या प्रयत्नांना मात्र तुलनेने फार कष्ट पडले.

त्या कष्टांचा आरंभ ओगुस्तँ मूशो या फ्रेंच गणितशिक्षकापासून करण्याची प्रथा आहे. कोळसा एक दिवस संपणार या चिंतेने त्याने शंकूच्या आकाराच्या आरशांवर चालणारी वाफेची यंत्रे बांधली, आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात उन्हाच्या जोरावर चक्क बर्फ तयार करून दाखवला. त्याचा सहकारी आबेल पिफ्र याने १८८२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत सौर वाफेवर छापखाना चालवून ताशी पाचशे प्रतींच्या वेगाने एक वृत्तपत्र छापले. वृत्तपत्राचे नाव अर्थातच सूर्यावरून ठेवलेले होते. त्यातील बातम्यांची आठवण इतिहासाने ठेवलेली नाही.

मूशोचे काम वाचून ज्याला स्वस्थ बसवले नाही असा एक गृहस्थ त्याच सुमारास मुंबईत होता, आणि सौरशास्त्राच्या पाश्चात्त्य इतिहासांत त्याला दोन-तीन परिच्छेदांपलीकडे जागा मिळत नसली तरी मराठी वाचकाने त्याची चौकशी करणे अगत्याचे आहे. विल्यम ॲडम्स हा मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होता. दिवसा दाव्यांचे कागद आणि उरलेल्या वेळात सूर्य, अशी त्याच्या आयुष्याची वाटणी झालेली दिसते. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरावी यावरील त्याचा ग्रंथ १८७८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. मूशोचा चांदीचा मुलामा दिलेला वक्र धातूचा आरसा महाग पडतो, लवकर काळवंडतो आणि मोठा करू गेल्यास सूर्यामागे फिरवता येत नाही, हे त्याचे आक्षेप होते आणि ते तिन्ही बरोबर होते. त्यावर त्याने काढलेला तोडगा ब्युफाँच्या जातीचा होता: १७ इंच बाय १० इंच मापाचे साधे सपाट काचेचे आरसे एका मोठ्या चौकटीत अशा रीतीने तिरके बसवायचे की सर्वांची तिरीप एकाच बॉयलरवर पडावी. वक्र आरसा घडवण्यापेक्षा पुष्कळ सपाट आरशांना वक्र आरशाचे सोंग घ्यायला लावणे स्वस्त पडते, ही कल्पना आज वाळवंटांत मनोऱ्याभोवती हजारो आरसे मांडणाऱ्या प्रकल्पांचा पाया आहे, आणि कुलाब्याच्या एका बंगल्याच्या आवारात ती तेव्हा उभी होती.

एकेक आरसा वाढवीत आणि तापमान मोजीत ॲडम्सने हिशेब केला की ७२ आरशांत १,२०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६५० अंश सेल्सिअस, साधतात. नाभीत धरलेले लाकूड तत्काळ पेटले, आणि अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र बंगल्याच्या आवारात पंधरवडाभर दिवसाउजेडी चालले. ते पाहण्यास त्याने सेनापतींपासून न्यायमूर्तींपर्यंत आणि सरकारी अभियंत्यांपासून गिरणीमालकांपर्यंत सर्व प्रतिष्ठितांना निमंत्रणे धाडली. सर्वांनी यंत्राची वाखाणणी केली, आणि नंतर सर्वजण आपापल्या कोळशाकडे परत गेले. सैनिकांसाठी त्याने केलेल्या सौर चुलीवर मुंबईच्या जानेवारीत सात शिपायांचा मांसभाज्यांचा शिधा दोन तासांत शिजत असे, परंतु पलटणींनीही सरपण सोडले नाही. या साऱ्या योजनेतला एक तपशील मात्र विशेष मननीय आहे. आरशांची चौकट बॉयलरभोवती अर्धवर्तुळाकार रुळांवर सरकत असे आणि ती दिवसातून तीन-चार वेळा सरकवण्यासाठी एक मजूर पुरेल, असे ॲडम्सचे म्हणणे होते. सूर्य वेतन मागत नसला तरी त्याच्या मागे फिरणाऱ्याला ते द्यावे लागते, हे सौर ऊर्जेचे अर्थशास्त्र त्या रुळांवर प्रथम धावले.

कारण सूर्याविरुद्धची तिसरी, आणि सर्वांत जुनी, तक्रार ही की तो एका जागी राहत नाही. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे तो आकाशात ताशी १५ अंश सरकतो, म्हणजे दोन मिनिटांत स्वतःच्या बिंबाइतका, आणि जितके केंद्रीकरण अधिक तितकी आरशाची सहनशीलता कमी असल्यामुळे डाळ शिजत असताना नाभी पातेल्यावरून घसरून कठड्यावर जाते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात अन्वस्ती थाळीची सौर चूल तयार केली, ती बाजारातही आली, आणि बाजाराने तिची दखल घेण्याचे नाकारले. भौतिकी निर्दोष होती. परंतु ती चूल वापरायची म्हणजे भर दुपारी अंगणात उभे राहायचे, डोळ्यांसमोर लखलखाट आणि डोक्यावर ऊन घ्यायचे, आणि दर थोड्या वेळाने थाळी फिरवायची. ज्या उन्हापासून वाचण्यासाठी मनुष्यजातीने घर आणि स्वयंपाकघर बांधले त्याच उन्हात तिला परत बोलावण्याचा हा प्रस्ताव होता. शिवाय सूर्याची कामाची वेळ साधारणतः दहा ते चार आहे, आणि मराठी घरात डबे त्याआधी भरले जातात व रात्रीचा भात त्यानंतर लागतो. ज्या सहा तासांत सूर्य पूर्ण ताकदीने हजर असतो त्या सहा तासांत घरातली शेगडी बहुधा विश्रांती घेत असते. पेटीच्या आकाराची सूर्यचूल या बाबतीत अधिक समजूतदार ठरली, कारण तिच्यात वरण-भात ठेवून निघून जाता येते. मात्र ती फोडणी करीत नाही आणि भाकरी भाजत नाही, आणि ज्या उपकरणावर फोडणी होत नाही त्याला चूल म्हणण्यास अनेक घरांत आजही मान्यता नाही.

थाळी उन्हात, पण स्वयंपाकी सावलीत, हा तह घडवून आणण्याचे श्रेय वोल्फगांग शेफलर यांच्याकडे जाते. १९८६ च्या सुमारास उत्तर केनियातील एका मिशनमध्ये त्यांनी जी थाळी प्रथम चालवून दाखवली ती अन्वस्ताच्या तळाचा भाग नसून त्याच्या कुशीतून तिरका कापलेला तुकडा असते. अशा तुकड्याची नाभी त्याच्या समोर न येता बाजूला, बऱ्याच अंतरावर पडते, आणि थाळी जर पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेल्या, नाभीतून जाणाऱ्या दांड्याभोवती ताशी १५ अंशांनी फिरवली, तर सूर्य सरकतो, थाळी सरकते, परंतु नाभी दिवसभर आपल्या जागेवरून हलत नाही. ती जागा मग स्वयंपाकघराच्या भिंतीत असू शकते. एवढ्यावर प्रश्न सुटला असता, पण सूर्य वर्षभरात उत्तर-दक्षिणही सुमारे ४७ अंशांचा फेरा मारतो, आणि त्यामुळे दर काही दिवसांनी थाळीचा कल बदलून, शिवाय तिची लवचीक चौकट किंचित वाकवून, ऋतूला साजेसा नवा अन्वस्त घडवावा लागतो. तिळगूळ वाटणारा समाज उत्तरायण १४ जानेवारीला साजरे करतो, तर सूर्य २२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो. या तीन आठवड्यांच्या फरकाने पतंगांचे काही बिघडत नाही, परंतु शेफलरची थाळी पंचांगापेक्षा आकाशावर विश्वास ठेवते आणि तीन आठवडे वाट पाहायला लावली तर डाळ कच्ची ठेवते.

शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयासाठी अशा ७३ थाळ्यांचा संच २००९ मध्ये कार्यान्वित झाला. प्रत्येक थाळी १६ चौरस मीटरची आहे. येथे नाभीत पातेले ठेवलेले नसून पाण्याचा ग्राहक ठेवला आहे, त्यात तयार झालेली वाफ नळ्यांनी स्वयंपाकघरात जाते आणि हजारो भाविकांचा वरण-भात तीवर शिजतो. लातूरच्या महानंद डेअरीत २००६ मध्ये १६० चौरस मीटरची एकच अवाढव्य थाळी दुधाच्या पाश्चरीकरणासाठी बसवण्यात आली होती, आणि तिला सूर्याच्या सारथ्याचे नाव दिले होते. घरगुती चुलीच्या रूपाने जे बाजाराने नाकारले ते संस्थानांनी आणि डेअऱ्यांनी स्वीकारले याचे कारण श्रद्धेत किंवा दुधात शोधण्याचे प्रयोजन नाही. जेथे भर दुपारी रांगेत माणसे जेवायला उभी असतात आणि थाळ्यांकडे पाहण्यासाठी पगारी कर्मचारी असतो, तेथे सूर्याची कामाची वेळ आणि स्वयंपाकघराची वेळ एक होते.

शिर्डीच्या संचात पाणी आणि वाफ यांचे अभिसरण वीज नसतानाही चालू राहावे अशी रचना केलेली आहे, जी भारनियमनाचा अनुभव असलेल्या राज्यात स्वाभाविक म्हणावी लागेल. दिवसभर सूर्यामागे फिरण्याचे काम यंत्रणा स्वतः करते. मात्र संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून थांबलेल्या थाळ्या सकाळी हाताने पूर्वेकडे वळवून सूर्यावर लावून द्याव्या लागतील, असे संचाच्या आखणीतच ठरलेले होते, आणि त्यामुळे ॲडम्सने कुलाब्यात हिशेबात धरलेला मजूर एकविसाव्या शतकातही पटावर कायम राहिला. पावसाळ्याचे चार महिने थाळ्यांकडून फारशी अपेक्षा करता येत नाही. त्या काळासाठी गॅसवरचा बॉयलर जोडीला ठेवलेला असतो, आणि एरवी धुळीने माखणारे सुमारे बाराशे चौरस मीटर आरसे तेवढ्या अवधीत फुकटात धुऊन निघतात.